घाट उतरताना ब्रेक कोण लावतं?

विजेवरचा ट्रक विकणारा माणूस गाडीमालकापुढे हिशेब मांडतो, तेव्हा डिझेलच्या बचतीखालोखाल एक ओळ हमखास असते: ब्रेक लायनर कितीतरी जास्त टिकतात. ही ओळ खोटी नाही. मोटर उलटी कामाला लागून गाडी रोखते, त्यामुळे लायनरच्या वाट्याला घासणं कमी येतं. पण मालकाने लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा, आणि तो सहसा विचारला जात नाही. कुठल्या चाकाचे लायनर?

कारण ५५ टनी ट्रेलरगाडीला सहा एक्सल असतात. पुढचा स्टिअरिंगचा एक, घोड्याचे (म्हणजे पुढच्या, ओढणाऱ्या गाडीचे) मागचे दोन आणि त्यामागे जोडलेल्या ट्रॉलीचे तीन. मोटर जोडलेली असते ती फक्त घोड्याच्या मागच्या दोनांना. म्हणजे वीज परत मिळवणारा ब्रेक सहापैकी दोन एक्सलवरच लागतो. उरलेल्या चारांना जुनाच मार्ग: हवेचा दाब, बूस्टर, स्लॅक, लायनर आणि ड्रम. गाडीतली एकूण झीज घटते, पण जी उरते ती सगळीकडे सारखी वाटली जात नाही. काही चाकांचे लायनर नव्यासारखे राहतात, काहींचे अपेक्षेआधी संपतात. आणि नव्यासारखे दिसणारे लायनर ही आनंदाची गोष्ट आहे, असंही नाही. त्याकडे पुढे येऊ.

आधी घाटाचा हिशेब. महाराष्ट्रात जड वाहनांच्या ब्रेकबद्दल बोलायचं तर बोरघाट टाळता येत नाही. चाकण-तळेगावच्या कारखान्यांतून निघालेला निर्यातीचा कंटेनर न्हावा-शेवा बंदराला जातो तो हाच घाट उतरून, आणि तोही भरलेला. खंडाळ्यापासून खोपोलीच्या पायथ्यापर्यंत उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा. ५५ टन वजन तेवढं खाली आलं की सुमारे ८२ युनिट ऊर्जा मोकळी होते. महावितरणच्या घरगुती बिलातला पहिला टप्पा शंभर युनिटांचा असतो. म्हणजे लहानशा घराची जवळजवळ महिन्याची वीज एकच ट्रक पंधरा-वीस मिनिटांत घाटात सांडतो. टायरांचं घर्षण आणि वारा मिळून त्यातली दहा-बारा युनिट खातात. उरलेली ७० कुणीतरी पचवायलाच हवीत.

डिझेल ट्रकमध्ये ती पचवतात गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन, एक्झॉस्ट ब्रेक आणि शेवटी ड्रम. समजा सगळा भार ड्रमवरच टाकला. बारा चाकांचे ड्रम मिळून सहाशे किलोच्या आसपास लोखंड. ७० युनिट उष्णता त्यात कोंडली आणि वाऱ्याने काहीच नेली नाही, तर तापमान आठशे अंशांहून वर जाईल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, म्हणून गाड्या घाट उतरतात. पण याच गणितामुळे लायनर जळतो, त्याचा वास खोपोलीपर्यंत येतो, तापलेला ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो, बूस्टरचा दांडा पूर्ण बाहेर येऊनही पकड मिळत नाही आणि चालकाचा पाय पॅडलवर असतानाच गाडी सुटते. २६ जुलै २०२५ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर ट्रेलर पुढच्या वीसेक गाड्यांवर आदळला. असे अपघात आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो.

विजेच्या ट्रकने हे चित्र मुळापासून बदलायला हवं, आणि बदलतंही. आपल्या रस्त्यांवर आलेल्या मोंट्रा ऱ्हायनो ५५३८ या ५५ टनी गाडीचं उदाहरण घेऊ. बॅटरी २८२ युनिटांची, मोटर ३८० अश्वशक्तीची, म्हणजे साधारण २८० किलोवॅट. मोटर ज्या ताकदीने ओढते जवळपास त्याच ताकदीने ती रोखू शकते आणि बॅटरीही तेवढी वीज घेते, असं धरून चालू. बारा किलोमीटरचा घाट ताशी ४० किलोमीटरने उतरला तर अठरा मिनिटं लागतात आणि दर क्षणी सरासरी २३० किलोवॅट पचवावे लागतात. मोटरला ते झेपतं. लायनरला जवळजवळ हात लावावा लागत नाही. तोच घाट ताशी ६०ने उतरला तर वेळ बारा मिनिटं आणि भार ३५० किलोवॅट. आता मोटर पुरत नाही. वरचे ७० किलोवॅट लायनरवर येतात, तेही सरासरीने. जिथे उतार तीव्र तिथे आणखी. घाटात जड वाहनांना हळू जायला सांगतात ते अपघात टाळायला. विजेच्या गाडीला त्यात दुसरं कारण मिळालं आहे: वेग वाढला की मोफत ब्रेक संपतो आणि विकतचा सुरू होतो.

हे झालं कागदावरचं. वर्कशॉपमध्ये चाकं उघडल्यावर जे दिसतं ते समजून घ्यायला चालकाच्या पायाकडे बघावं लागतं.

विजेचा ट्रक दोन तऱ्हांनी थांबवता येतो. एक, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा किंवा स्टिअरिंगजवळची दांडी ओढायची. मोटर लगेच रोखू लागते. यात हवेचा ब्रेक लागतच नाही, त्यामुळे ट्रॉलीला काही कळतही नाही. ती मागून घोड्याला ढकलत राहते. दुसरी तऱ्हा म्हणजे पायाखालचं ब्रेक पॅडल. गाडीतला संगणक चालकाची मागणी वाचतो, आधी मोटरला कामाला लावतो आणि कमी पडेल तेवढाच हवेचा ब्रेक जोडतो. पण ही वाटणी तो करतो घोड्याच्या मागच्या दोन एक्सलवर. पुढच्या एक्सलला आणि ट्रॉलीला हवेचा दाब पॅडलच्या प्रमाणात जातो, कारण तिथे वाटून घ्यायला मोटर नाही. परिणाम असा की हलक्या पॅडलवर घोड्याच्या मागच्या चाकांचे लायनर ड्रमला टेकतही नाहीत आणि ट्रॉलीचे मात्र प्रत्येक वेळी घासतात.

एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच मार्गावरच्या दोन गाड्या यामुळे अगदी वेगळ्या झिजतात. एका गाडीचा चालक पाय उचलून गाडी सावरतो, त्याच्या ट्रॉलीचे लायनर दीर्घायुषी होतात. दुसऱ्याला वीस वर्षांची पॅडलची सवय. त्याची ट्रॉली लायनर खाते. मालक ट्रॉलीच्या लायनरला, दुकानदाराला, कधी चालकाला दोष देतो. चालकाचा दोष असलाच तर एवढाच, की त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. गाडी देताना चार्जिंगचं प्रशिक्षण मिळतं, पडद्यावरचे दिवे समजावले जातात. ब्रेकबद्दल ‘आपोआप होतं’ असं सांगून पुढे जातात.

युरोपात या प्रश्नाची वाट थोडी सोपी आहे. तिथल्या ट्रॉलीवर इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा असते, घोडा आणि ट्रॉली तारेतून एकमेकांशी बोलतात आणि जोडावर किती ओढ-ढकल आहे याचा अंदाज घेऊन ट्रॉलीचा दाब कमी-जास्त करता येतो. आपल्याकडे जड ट्रकना एबीएस सक्तीचं होऊन दशक उलटलं, तरी ट्रॉलीचं जग निराळं आहे. ती बऱ्याचदा दुसऱ्याच गावातल्या छोट्या कारखान्यात बांधलेली, घोड्यापेक्षा दहा वर्षांनी जुनी. आज डिझेलच्या घोड्यामागे तर उद्या विजेच्या. तिला हवेच्या दोन पाइपांपलीकडची भाषा येत नाही. कोटीच्या घरातला अत्याधुनिक घोडा आणि त्यामागे ग्रीस न पाहिलेले कॅम. या जोडीत बिघाड झाला तर जबाबदारी कुणाची, हे मला कुठल्याच वॉरंटीच्या कागदात सापडत नाही.

आता त्या नव्यासारख्या दिसणाऱ्या लायनरकडे. ब्रेक ही वापरली तरच नीट राहणारी वस्तू आहे. ड्रमवर ओल बसली की गंज येतो. रोज चार-दोनदा करकचून ब्रेक लागला तर गंज घासून जातो. महिनोन् महिने नुसता हलका स्पर्श झाला तर लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड घटते. लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा ऑटो स्लॅक हा ब्रेक लागल्यावरच स्वतःला जुळवून घेतो, त्याला काम नसेल तर तो अडकून बसतो. खाऱ्या हवेत याहून वाईट घडतं. लायनर आणि ज्या बुटावर तो रिव्हेटने ठोकलेला असतो त्यांच्यामध्ये गंज शिरतो, फुगतो आणि लायनरला आतून उचलून तडे पाडतो. जाडी मोजली तर भरपूर, पण लायनर निकामी. उरण-न्हावा शेवाची हवा कशी आहे हे तिथल्या कुणाही पत्र्याच्या छपराला विचारावं.

मोटारींच्या जगात हे आधीच अनुभवून झालं आहे. जर्मनीतल्या टीयूव्ही संस्थेच्या २०२४च्या अहवालात दोन ते तीन वर्षं वयाच्या गाड्यांत टेस्लाची मॉडेल थ्री तळाला होती, १४.७ टक्के गाड्यांत मोठे दोष सापडले आणि त्यांत ब्रेकच्या डिस्कही होत्या. फोक्सवॅगनने आयडी थ्री आणि आयडी फोर या विजेच्या गाड्यांना मागे चक्क ड्रम ब्रेक बसवले. आधुनिक गाडीला जुनाट ड्रम का, म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. कारण साधं होतं. मागच्या चाकांवर मोटर आहे, ब्रेक क्वचित लागणार, तेव्हा उघड्या डिस्कपेक्षा झाकलेला ड्रम गंजापासून बरा. आपल्या ट्रकना बहुतांशी ड्रमच असतात, हा योगायोगाने झालेला फायदा. तोटा असा की ड्रमच्या आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय दिसत नाही.

ट्रकच्या बाबतीत याचा अर्थ गंभीर आहे. घाटात ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागलं की एबीएस सर्वांत आधी मोटरचा ब्रेक सोडायला लावतं आणि काम लायनरवर टाकतं. ५५ टनांना पाच टक्के उतारावर रोखून धरायला पावणेतीन टनांचा जोर लागतो. तो सगळा मोटरकडून घ्यायचा तर २१ टन भार वाहणाऱ्या दोनच एक्सलच्या टायरांतून घ्यावा लागतो. कोरड्या रस्त्यावर त्यात काही विशेष नाही. श्रावणातल्या घाटात, गोटा झालेल्या टायरांवर, मागून ट्रॉली ढकलत असताना ते विशेष होतं. आणि नेमक्या त्या क्षणी काम येतं सहा महिने न वापरलेल्या लायनरकडे. ते कमी पकडले की राहिलेला भार पुन्हा पुढच्या आणि ट्रॉलीच्या चाकांवर, जी आधीच जास्त झिजलेली आहेत. असमान झीज अशी स्वतःलाच वाढवत नेते.

मग बॅटरी भरलेली असली तर? भरलेल्या बॅटरीत वीज शिरत नाही. मोटर रोखायला तयार असते, पण तिने तयार केलेली वीज ठेवायला जागा नसते, म्हणून संगणक तो ब्रेक कमी करतो किंवा बंद करतो. थंडीत गोठलेल्या आणि उन्हात फार तापलेल्या बॅटरीचंही तसंच. बोरघाटाला ही अडचण नवी नाही. १९२९च्या सुमारास पुण्यापर्यंत विजेची रेल्वे आली तेव्हा घाटासाठी जी मालगाडीची इंजिनं आणली, ज्यांना रेल्वेतले लोक ‘खेकडा’ म्हणत, त्यांना उतारावर वीज परत तारेत सोडण्याची सोय होती. १ : ३७च्या चढावर ती वीज उपयोगी पडायची ती दुसरी गाडी चढत असेल तेव्हा. वीज घेणारं कुणी नसेल तर असा ब्रेक लागत नाही. रेल्वेत घेणारी दुसरी गाडी हवी, ट्रकमध्ये बॅटरीत रिकामी जागा हवी. एवढाच फरक.

ही गोष्ट मनाशी पक्की ठेवून केलेलं काम बघायचं तर स्वित्झर्लंडला जावं लागेल. बील शहराजवळ सिमेंट कंपनीच्या खाणीत कोमात्सुचा एक डंपर विजेवर बदलून घेतलेला आहे. रिकामा ४५ टनांचा, डोंगरावर ६५ टन दगड भरतो आणि १३ टक्के उतारावरून खाली कारखान्यात आणतो. वर जाताना हलका, खाली येताना जड. त्यामुळे चढायला लागते त्याहून जास्त वीज उतरताना मिळू शकते. तिथला हिशेब जमतो, कारण डंपर वर पोचतो तोवर बॅटरीत जागा झालेली असते. रस्त्यावरच्या ट्रकला असा सोयीचा डोंगर मिळत नाही, पण चाकण ते न्हावा-शेवा हा मार्ग त्याच्या बराच जवळचा आहे.

म्हणून चार्जर कुठे लावायचा हा ब्रेकचाही प्रश्न आहे. वरच्याच गाडीचा आकडा घेऊ. घाटात परत मिळणाऱ्या ७० युनिटांपैकी साठेक बॅटरीत पोचतात असं धरलं तर खंडाळ्याला पोचताना बॅटरी २०-२२ टक्के तरी रिकामी हवी. चाकणहून पूर्ण भरून निघालेली गाडी घाटमाथ्यावर येईपर्यंत ७०-८० युनिट खर्च करते, तेव्हा ती बिनधास्त उतरू शकते. पण लोणावळ्याला चहासाठी थांबलो तर घेऊ भरून, असं म्हणून शंभर टक्के चार्ज केलेली किंवा घाटमाथ्यावर भरलेली बॅटरी बदलून घेतलेली गाडी घाटात शिरली, तर उतरताना ती विजेची राहत नाही. तिच्याकडे डिझेल गाडीचा एक्झॉस्ट ब्रेकही नसतो. उरतात ते ड्रम. मुंबई-पुणे मार्गावर जड ट्रकसाठी चार्जिंग आणि बॅटरी बदलण्याची केंद्रं उभी राहत आहेत. त्यांची जागा ठरवताना जमिनीची किंमत आणि वीजजोडणी यांच्याबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंचीही बघायला हवी. चढणाऱ्या गाडीसाठी केंद्र माथ्यावर ठीक. उतरणाऱ्या गाडीला तिथे ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज देऊ नये, आणि हे चालकाच्या लक्षात राहण्यावर सोडू नये.

आणखी एक जुनी सवय नव्या गाडीत घातक ठरते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढणं, क्वचित इंजिनच बंद करणं. २० नोव्हेंबर २०२२ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्यांना ठोकरलं, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं तपासात पुढे आलं होतं. विजेच्या ट्रकमध्ये न्यूट्रल केलं की मोटरचा ब्रेक पूर्ण जातो आणि वाचत काहीच नाही, उलट परत मिळणारी वीजही बुडते. सवय मात्र हाताला असते.

नियम काय म्हणतात? जड वाहनांच्या ब्रेकचा आंतरराष्ट्रीय पाया म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा आर १३ हा नियम, आणि आपलं आयएस ११८५२ हे मानक त्याच धर्तीचं. आर १३मध्ये मोटरच्या ब्रेकचे दोन वर्ग आहेत, मुख्य ब्रेकचा भाग नसलेला आणि असलेला. उताराची एक चाचणीही आहे: सहा टक्के उतार, सहा किलोमीटर, ताशी ३० किलोमीटर, आणि त्यानंतरही गरम ब्रेकने गाडी थांबली पाहिजे. सहा किलोमीटरला सहा टक्के म्हणजे ३६० मीटर उतरणं. बोरघाट साडेपाचशेचा आहे. चाचणीचा उतार तीव्र आणि आपला लांब, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करू नये. पण चाचणी होते नव्या गाडीची, नव्या लायनरची. तीन वर्षांनी दोन एक्सलचे लायनर गुळगुळीत आणि तिनांचे संपत आलेले असताना ती गाडी काय करेल, हे कुठलीच चाचणी विचारत नाही. युरोपने युरो ७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीलाही मर्यादा घातली, निव्वळ विजेच्या कारना किलोमीटरला ३ मिलिग्रॅम आणि बाकी बहुतेकांना ७. विजेच्या गाडीचा ब्रेक कमी झिजणार हे कायद्याने गृहीत धरलं. तो कसा झिजणार, याचा विचार अजून बाकी आहे.

आपल्याकडे हे सगळं आत्ताच बोलायचं कारण गाड्यांची संख्या अजून बोटांवर मोजण्याच्या पुढे नुकतीच सरकते आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५पासून विजेच्या ट्रकना अनुदान सुरू झालं. सुमारे ५,६०० ट्रक, एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये. न्हावा-शेवाच्या बंदर प्राधिकरणाने सप्टेंबर २०२५मध्ये बॅटरी बदलता येणाऱ्या ट्रकांचा ताफा उतरवला आणि २०२६च्या अखेरीपर्यंत बंदरातले बहुतेक ट्रक विजेवर नेण्याचं ठरवलं. बंदराच्या आत सपाट जमीन, कमी वेग, सारखं थांबणं. तिथे लायनर झिजून संपण्यापेक्षा गंजून वाया जाण्याची भीती जास्त. घाट उतरणाऱ्या गाडीची तऱ्हा निराळी. दोन्हींना देखभालीचं एकच वेळापत्रक लावणं चूक आहे, आणि ती चूक होणार, कारण डिझेलच्या काळापासून लायनर किलोमीटरवर बदलले जातात, सगळ्या चाकांचे एकदम किंवा जो वाजला त्याचा.

अनुदानाच्या अटींत बॅटरीला पाच वर्षं किंवा पाच लाख किलोमीटर आणि मोटरसह गाडीला पाच वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटर अशी हमी उत्पादकाने द्यायची आहे. चांगली अट आहे. ट्रॉली तिच्या बाहेर राहते, आणि झीज तर ट्रॉलीत चालली आहे.

गाडीमालकांनी सरकारची वाट न पाहता करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. गाडीवार नोंदवही सोडून चाकवार ठेवा: दर सर्व्हिसला बाराही चाकांच्या लायनरची जाडी मोजून तारखेसह लिहा, म्हणजे कुठलं चाक पुढे पळतंय ते दोन-तीन नोंदींतच दिसेल. घोड्याच्या मागच्या चाकांचे ड्रम, जाडी भरपूर दिसली तरी, पावसाळ्याआधी आणि नंतर उघडून बघा. एका एक्सलला बाजारातला स्वस्त आणि दुसऱ्याला कंपनीचा लायनर बसवू नका, पकड वेगळी असली की असमानता विकत घेतल्यासारखी होते. चालकाला रोज मोकळ्या रस्त्यावर, मोटरचा ब्रेक बंद ठेवून दोन-चारदा दमदार ब्रेक लावायला सांगा. गाडीत लायनर साफ करण्याची सोय संगणकातच असेल तर ती चालू आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. ट्रॉलीचे कॅम आणि स्लॅक यांना घोड्याइतकंच ग्रीस द्या.

आणि पीएम ई-ड्राइव्हच्या पुढच्या टप्प्याचे नियम लिहिणाऱ्यांना एक मागणी. अनुदान घेणाऱ्या ५५ टनी घोड्यामागे जोडायची ट्रॉली इलेक्ट्रॉनिक ब्रेकची असावी, आणि तिच्यासाठीही अनुदानातला वाटा ठेवावा. घोड्याला लाखो रुपये देऊन ट्रॉली तशीच सोडणं म्हणजे सहापैकी तीन एक्सल विसरणं आहे.